महिलांच्या राष्ट्रीय लीग आणि सातारा-सांगली: एक आढावा

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आणि राष्ट्रीय लीग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अजिंक्यपद स्पर्धेला राज्यांचे, रेल्वेचे आणि पोलीस दलांचे संघ एका गावी जमतात, काही दिवसांत साखळी आणि बाद फेरी उरकतात आणि परततात. खेळाडूच्या हाती पदक आणि प्रमाणपत्र पडते, पुढे नोकरीच्या अर्जाला ते जोडता येते. लीगमध्ये खेळाडू क्लबशी किंवा फ्रँचायझीशी कराराने बांधलेली असते, तेच संघ एकमेकांशी पुन्हापुन्हा खेळतात, गुणतक्ता चालतो, सामने दूरचित्रवाणीवर दिसतात आणि खेळण्याचे पैसे मिळतात. भारतात पुरुषांसाठी फ्रँचायझी लीग २००८ पासून एकामागून एक उभ्या राहिल्या. महिलांसाठी त्या उशिरा आल्या, मोजक्याच खेळांत आल्या आणि सगळ्या टिकल्या नाहीत.

सातारा आणि सांगली हे लगतचे दोन जिल्हे घेतले तर महिला लीगच्या प्रश्नाच्या तीन बाजू दिसतात. क्रिकेट आणि हॉकी या खेळांत महिलांची सर्वोच्च लीग आहे आणि तिच्या अगदी वरच्या फळीत या जिल्ह्यांतल्या मुली आहेत. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे इथल्या मातीतले खेळ, खेळाडूही भरपूर. पण त्यांच्यासाठी कायमची महिला लीग नाही. तिसरी बाजू वॉटर पोलोसारख्या खेळांची. तिथे लीगही नाही आणि लीगपर्यंत नेणाऱ्या पायऱ्याही नाहीत. लीगसाठी पैसा लागतो हे उघड आहे. मात्र जिल्ह्यातली मुलगी त्या लीगमध्ये पोहोचते की नाही, हे पैशापेक्षा मधल्या पायऱ्यांवर ठरते.

क्रिकेट: माधवनगर ते बेंगळुरू

महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला. तोपर्यंत तो स्वतंत्र संघटनेकडे होता आणि पैशाची कायम ओढाताण असे. मंडळाच्या छत्राखाली आल्यावर वयोगटांच्या स्पर्धा नियमित झाल्या. लीगच्या दिशेने पहिले पाऊल पडायला मात्र आणखी बारा वर्षे लागली. २०१८ मध्ये वानखेडे स्टेडियमवर एकच प्रदर्शनीय सामना झाला. पुढे त्याची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली. २०२० मध्ये शारजात ती स्पर्धा ट्रेलब्लेझर्सने स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली जिंकली. शेवटी २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली.

या लीगचे आकडे भारतातल्या महिलांच्या कोणत्याही खेळात यापूर्वी कधी ऐकू आलेले नव्हते. २५ जानेवारी २०२३ रोजी पाच फ्रँचायझी मिळून ४,६६९.९९ कोटी रुपयांना विकल्या गेल्या. सर्वांत मोठी बोली अहमदाबादसाठी, १,२८९ कोटींची होती. त्याआधी पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ९५१ कोटींना गेले होते. खेळाडूंसाठी प्रत्येक संघाला १२ कोटी रुपये खर्चायची मुभा होती. १३ फेब्रुवारीला मुंबईत लिलाव झाला. त्यात ८७ खेळाडूंवर मिळून ५९.५० कोटी रुपये खर्च झाले.

लिलावात पहिले नाव पुकारले गेले ते स्मृती मानधनाचे. पायाभूत किंमत ५० लाख. मुंबई इंडियन्स आणि रॉयल चॅलेंजर्स बँगलोर यांच्यात बोली चढत गेली आणि ३.४० कोटींवर बँगलोरने बाजी मारली. त्या दिवशी यापेक्षा मोठी बोली कोणावरही लागली नाही. भारतीय संघ तेव्हा टी-२० विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि खेळाडू एकत्र बसून लिलाव पाहत होत्या.

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत झाला. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघेही सांगली जिल्ह्यासाठी क्रिकेट खेळलेले. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती, तर अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. २०१३ मध्ये बडोद्यात गुजरातविरुद्धच्या १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. भारतीय संघातले तिचे पदार्पणही त्याच वर्षीचे. म्हणजे लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा जिल्हा, राज्य, विभाग आणि देश या साऱ्या पायऱ्या चढून तिला दहा वर्षे होत आली होती. लीगने तिला घडवले नाही. घडलेल्या खेळाडूची बाजारातली किंमत मात्र लीगमुळे कळली.

किंमत आणि कामगिरी यांचा मेळ लगेच बसला नाही. पहिल्या हंगामात तिच्या नेतृत्वाखाली बँगलोरने ओळीने पाच सामने गमावले. तिच्या स्वतःच्या आठ डावांत १४९ धावा झाल्या. दुसऱ्या हंगामात तिने ३०० धावा केल्या आणि १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत अंतिम सामना जिंकला. दिल्ली कॅपिटल्सचा डाव बिनबाद ६४ वरून ११३ धावांत आटोपला. बँगलोरच्या श्रेयंका पाटीलने १२ धावांत ४ बळी घेतले. बँगलोरने आठ गडी राखून सामना जिंकला. फ्रँचायझीचे ते पहिलेच विजेतेपद, पुरुषांच्या संघाला त्यासाठी २०२५ पर्यंत थांबावे लागले.

लीगचा परिणाम राष्ट्रीय संघावरही दिसला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. स्मृती त्या संघाची उपकर्णधार होती आणि स्पर्धेत तिच्या ४३४ धावा होत्या. एका विजयाचे सारे श्रेय लीगला देता येणार नाही. तरी भरलेल्या मैदानावर, दडपणाखाली खेळण्याची सवय तीन हंगामांत बऱ्याच तरुण खेळाडूंना लागली, हे नाकारता येत नाही.

हॉकी: फलटणच्या मुली

पुरुषांची हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली आणि बंद पडली. सात वर्षांनी ती पुन्हा सुरू करताना हॉकी इंडियाने पहिल्यांदाच महिलांची लीगही जाहीर केली. आधी सहा संघांचा बेत होता, प्रत्यक्षात चार उतरले: ओडिशा वॉरियर्स, दिल्ली एसजी पायपर्स, जेएसडब्ल्यू सूरमा आणि श्राची राढ बंगाल टायगर्स. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत लिलाव झाला. महिला संघांना खेळाडूंवर प्रत्येकी २ कोटी रुपये खर्च करता येत होते, पुरुष संघांना ४ कोटी. सर्वांत महागडी ठरलेली उदिता ३२ लाखांना बंगालकडे गेली. परदेशी खेळाडूंत नेदरलँड्सच्या यिबी यान्सनसाठी ओडिशाने २९ लाख मोजले. क्रिकेटमधली सर्वांत मोठी बोली याच्या दहापटीहून अधिक होती.

लीगच्या नियमांत एक तरतूद जिल्ह्यातल्या खेळाडूंच्या दृष्टीने महत्त्वाची होती. प्रत्येक संघात २४ खेळाडू असायचे. त्यांतल्या किमान १६ भारतीय, आणि त्या सोळांत चार कनिष्ठ गटातल्या असणे बंधनकारक होते. परदेशी खेळाडू आठ. त्यामुळे विश्वचषक खेळलेल्या डच, बेल्जियन किंवा अर्जेंटिनी खेळाडूशेजारी कनिष्ठ संघातून नुकतीच वर आलेली मुलगी सराव करू लागली.

सातारा जिल्ह्यात हॉकी म्हटले की फलटणचे नाव येते. फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ या तिघी काही वर्षांच्या अंतराने भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. वैष्णवी मध्यरक्षक. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत २०२३ मध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. ऋतुजा आघाडीची खेळाडू. जून २०२३ मध्ये जपानमध्ये भारताने कनिष्ठ महिलांचा आशिया चषक पहिल्यांदा जिंकला, त्या संघात ती होती. २०२५ च्या सप्टेंबरात वैष्णवी आणि ऋतुजा दोघी आशिया चषकाच्या वरिष्ठ संघात होत्या आणि भारताने रौप्यपदक मिळवले.

पहिली महिला हॉकी इंडिया लीग १२ ते २६ जानेवारी २०२५ या काळात रांचीच्या मरांग गोमके जयपाल सिंग स्टेडियमवर झाली. चारही संघ एकमेकांशी दोनदा खेळले आणि पहिले दोन अंतिम फेरीत गेले. एकूण सामने तेरा. प्रजासत्ताकदिनी ओडिशा वॉरियर्स आणि जेएसडब्ल्यू सूरमा यांची गाठ पडली. विसाव्या मिनिटाला ऋतुजा पिसाळने ओडिशाचा पहिला गोल केला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला पेनी स्क्विबने सूरमाला बरोबरी साधून दिली. तिसरे सत्र गोलाविना गेले. सामना संपायला चार मिनिटे राहिली असताना, ५६ व्या मिनिटाला, ऋतुजाने दुसरा गोल केला आणि ओडिशाने सामना २-१ असा जिंकला. विजेत्या संघाला दीड कोटी रुपये मिळाले. लिलावात सर्वांत मोठी बोली मिळालेल्या खेळाडूंना मागे सारून अंतिम सामना निकाली काढला तो फलटणच्या मुलीने.

फलटण ते रांची ही वाट कशी तयार झाली, याचे उत्तर लीगच्या कागदपत्रांत सापडत नाही. ते शालेय स्पर्धांत सापडते. राज्याच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात. सातारा आणि सांगली दोन्ही कोल्हापूर विभागात येतात. या स्पर्धांत चमकलेल्या मुलींना क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळते. तिथे राहणे, जेवण, शाळा आणि सराव यांचा भार राज्य शासन उचलते. हॉकीच्या बाबतीत ही पायरी निर्णायक ठरते, कारण आंतरराष्ट्रीय हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली जाते आणि गावच्या शाळेची मैदाने मातीची असतात. मातीवर चेंडू उसळतो, वेग कमी पडतो. टर्फवर तोच चेंडू सपाट आणि कितीतरी वेगाने येतो. अडवणे, वळवणे, पेनल्टी कॉर्नर, सारेच नव्याने शिकावे लागते. शिकण्याचे वय निघून जाण्याआधी प्रबोधिनीतले टर्फ मिळाले तरच मुलगी पुढे जाते.

फुटबॉल

इंडियन विमेन्स लीग ही वरील दोन्ही लीगपेक्षा जुनी. तिचा पहिला हंगाम २०१६-१७ चा आणि पहिले विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनचे. सुरुवातीची काही वर्षे सारे सामने थोड्या दिवसांत एखाद्या ठिकाणी उरकले जात. २०२३-२४ पासून प्रत्येक संघ स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळू लागला आणि खऱ्या अर्थाने लीगचे रूप आले. खाली दुसऱ्या श्रेणीची लीगही सुरू झाली. बढती आणि पदावनती यांची सोय या तीन खेळांत फक्त इथेच आहे. दक्षिण महाराष्ट्रातून एफसी कोल्हापूर सिटी हा संघ या लीगमध्ये खेळला आहे. सातारा आणि सांगलीत मुलींच्या फुटबॉलचा पाया अजून तेवढा रुंद नाही.

मातीतले खेळ, लीगविना

कबड्डीची कथा नेमकी उलटी. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली आणि पाहता पाहता घरोघरी पोहोचली. तिच्या चौथ्या हंगामासोबत २०१६ मध्ये महिलांची कबड्डी चॅलेंज झाली. संघ तीनच: फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. ३१ जुलैला हैदराबादेत स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४-२३ अशी एका गुणाने मात केली. सामना इतका अटीतटीचा होऊनही पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. तिला स्वतःचा हंगाम नव्हता, स्वतःचे मालक नव्हते. पुरुषांच्या लीगच्या आधाराने ती उभी होती आणि तो आधार काढून घेताच थांबली.

खो-खोमध्ये अल्टिमेट खो खो ही लीग २०२२ मध्ये पुण्यात सुरू झाली, ती पुरुषांची. महिलांच्या खो-खोचे मोठे व्यासपीठ अजूनही राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच आहे. त्यात सर्वोत्तम महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाई पुरस्कार मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. जगज्जेत्या खेळाडूंना परतल्यावर खेळायला लीग नाही, अशी ही स्थिती आहे.

कुस्तीत सातारा-सांगलीचा वारसा जुना. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून भरते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मात्र मार्च २०२३ मध्ये, सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. तालमीत मुलींना प्रवेश मिळू लागला तो गेल्या काही वर्षांत. त्या मानाने ही गदा फार लवकर जिल्ह्यात आली.

या खेळांतल्या मुलींचे उत्पन्न लीगवर नाही, नोकरीवर अवलंबून असते. रेल्वे, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम खेळाडूंना सेवेत घेतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ही व्यवस्था लीगपेक्षा अधिक शाश्वत. लिलावात भाव नाही मिळाला तरी महिन्याचा पगार चुकत नाही. तिची मर्यादा एवढीच की नोकरी लागेपर्यंतची वर्षे घरच्यांना निभवावी लागतात, आणि नोकरी लागल्यावर अनेकींचा खेळ ढिला पडतो.

मिश्र संघांच्या लीग

काही खेळांत महिलांसाठी वेगळी लीग न करता एकाच संघात स्त्री-पुरुष घेतले जातात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रो रेसलिंग लीगमध्ये महिलांच्या कुस्त्यांचे गुण पुरुषांच्या गुणांइतकेच धरले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या आर्चरी प्रीमियर लीगमध्येही सहा मिश्र संघ होते. साताऱ्याला तिरंदाजीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या अदिती स्वामीने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवले. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण होते. मिश्र लीगचा फायदा असा की महिलांचा खेळ प्रक्षेपणातून वगळता येत नाही. तोटा असा की संघात महिलांच्या जागा मोजक्याच असतात.

वॉटर पोलो: माथाही नाही, पायऱ्याही नाहीत

वॉटर पोलोत पाण्यात एका वेळी प्रत्येक संघाच्या सात खेळाडू असतात, त्यांतली एक गोलरक्षक. चार सत्रांचा खेळ, आणि तळाला पाय टेकायचा नाही. गोलरक्षक सोडून बाकीच्यांनी चेंडू एकाच हाताने खेळायचा. पाय सतत गोल फिरवत शरीर कमरेपर्यंत पाण्याबाहेर उचलणे हे या खेळाचे मूळ कौशल्य. नुसते वेगाने पोहता येणारीला ते वेगळे शिकावे लागते. पुरुषांचा वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये १९०० पासून आहे. महिलांना २००० च्या सिडनी ऑलिंपिकपर्यंत वाट पाहावी लागली आणि पहिले सुवर्ण यजमान ऑस्ट्रेलियाने घेतले. इटली, स्पेन, हंगेरी आणि ग्रीस या देशांत महिलांच्या क्लब लीग वर्षानुवर्षे चालतात. त्यांतून घडलेल्या स्पेनच्या संघाने २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक जिंकले, ग्रीसने २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद.

भारतीय पुरुषांनी १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत वॉटर पोलोचे सुवर्णपदक मिळवले होते. आज महिलांसाठी राष्ट्रीय जलतरण स्पर्धांत आणि राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत वॉटर पोलो खेळवला जातो. राज्यांचे संघ त्यात उतरतात, महाराष्ट्राचाही. वर्षभर चालणारी क्लबची लीग नाही.

सांगलीत आयर्विन पुलापासून हरिपूरपर्यंत कृष्णेत पोहणे नवीन नाही. पट्टीचे पोहणारे गावोगाव आहेत. पण नदीतले पोहणे वॉटर पोलोच्या कामी थेट येत नाही. महिलांच्या सामन्याला २५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद क्षेत्र लागते आणि पाणी सगळीकडे किमान १.८ मीटर खोल असावे लागते. नेहमीच्या सार्वजनिक तलावांची एक बाजू उथळ असते, म्हणजे निम्म्या मैदानात पाय टेकतात. जलतरणाच्या आठ-दहा मुलींना एका रांगेत सराव देता येतो. वॉटर पोलोचा सराव व्हायला मात्र दोन संघांपुरत्या मुली आणि पूर्ण तलाव एकाच वेळी मोकळा हवा. पावसाळ्यात नदी बंद, उन्हाळ्यात तलावाला शिकाऊ पोहणाऱ्यांची गर्दी, असे वर्षाचे गणित असते.

लीग टिकते कशावर

वरील सर्व खेळांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, स्वतंत्र हंगाम. विमेन्स प्रीमियर लीगला दिनदर्शिकेत स्वतःची जागा मिळाली आणि ती टिकली. कबड्डी चॅलेंज पुरुषांच्या हंगामात कोंबली गेली आणि एका वर्षात संपली. दुसरी, लांब पल्ल्याचे मालक. पाच वर्षांचे प्रक्षेपण-हक्क हाती असतील तर एखादा हंगाम फसला तरी मालक पळत नाहीत. पुरुषांची हॉकी लीगसुद्धा सात वर्षे बंद राहिली, यावरून हा धोका केवळ महिलांपुरता नाही हे दिसते. तिसरी, देशी कनिष्ठ खेळाडूंसाठी राखीव जागा. हॉकीत ती आहे, म्हणून नवी नावे वर येतात.

जिल्ह्याच्या पातळीवर प्रश्न वेगळा आहे. तिथे लीग काढता येत नाही, पायऱ्या मात्र बांधता येतात. स्मृतीला घरातून आणि जिल्हा क्रिकेटमधून पायरी मिळाली, फलटणच्या मुलींना शालेय हॉकीतून. कबड्डी-खो-खोत त्या पायऱ्या आधीच आहेत, कमी आहे ती वरच्या टोकाची. तिची जबाबदारी राष्ट्रीय महासंघांची. वॉटर पोलोत सुरुवात समान खोलीच्या एका तलावापासून आणि शालेय मुलींच्या दोन संघांपासून करावी लागेल. एवढे झाल्यावरच राष्ट्रीय महिला लीगची चर्चा सातारा-सांगलीच्या संदर्भात अर्थपूर्ण ठरेल.